गर्भाच्या मुखातील दुर्मिळ अर्बुदे : जन्मपूर्व प्रतिमांकन आणि निदान

सारांश

जन्मतः मुखात आढळणारी अर्बुदे अत्यंत दुर्मिळ असून त्यांतील बहुसंख्य कर्करोगाची नसतात. तरीही त्यांतील काही नवजात बालकाच्या जिवावर बेततात. याचे कारण गाठीच्या स्वरूपापेक्षा तिच्या जागेत आहे. गर्भाशयात असेपर्यंत श्वसनाचे काम वार करीत असते. नाळ कापल्यानंतर मात्र बालकाला स्वतःच्या श्वासमार्गावर अवलंबून राहावे लागते आणि त्याच मार्गात गाठ असते. म्हणून या अर्बुदांच्या जन्मपूर्व निदानाचा मुख्य हेतू गाठीला नाव देणे हा नसून जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची आधीच तयारी करणे हा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्या अनुषंगाने अर्बुदांचे प्रकार, सोनोग्राफी व एमआरआय या तंत्रांचे कार्य, प्रसूतीचे नियोजन आणि आपल्याकडील कायद्याची चौकट यांचा परिचय करून दिला आहे.

बीजसंज्ञा : गर्भविज्ञान, मुखातील अर्बुद, एपिग्नॅथस, एप्युलिस, सोनोग्राफी, एमआरआय, श्वासमार्ग.

१. प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या दाखवून गर्भविज्ञान शिकविले जाते. तासातासांच्या अंतराने गर्भात होणारे बदल विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आकृत्या काढतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतात. या क्रमात कोठे चूक झाली तर काय होते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. वास्तविक गर्भविज्ञानाचा मानवी जीवनाशी असलेला संबंध याच प्रश्नातून स्पष्ट होतो.

१९५८ साली ग्लासगो येथील इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने पोटातील गाठींची तपासणी करण्यासंबंधीचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचा आरंभ तेथून मानला जातो. त्यापूर्वी गर्भाच्या तोंडात गाठ आहे ही गोष्ट बालक जन्माला आल्यावरच कळत असे. समोर गुदमरणारे मूल आणि हाताशी काहीच तयारी नाही, अशी ती अवस्था होती. आज तेच निदान जन्माच्या कित्येक आठवडे आधी होऊ शकते. हे आठवडे कशासाठी वापरावयाचे, हा या लेखाचा विषय आहे.

२. मुखाची घडण

मानवी गर्भाच्या चौथ्या आठवड्यात, जेथे पुढे तोंड होणार आहे तेथे एक उथळ खळगा दिसू लागतो. त्याच्याभोवती पाच उंचवटे तयार होतात : कपाळाच्या बाजूचा एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि त्यांतून ओठ, हिरड्या, जबडे व चेहऱ्याचा मोठा भाग आकाराला येतो. टाळूचे दोन्ही पडदे मध्यभागी जुळण्याची क्रिया साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. ती अपुरी राहिल्यास दुभंग टाळू निर्माण होते.

याच प्रदेशात काही वेळा पेशींचा एखादा समूह आपली ठरलेली वाट सोडून स्वतंत्रपणे वाढू लागतो. हे का होते याचे निश्चित उत्तर विज्ञानाला अद्याप मिळालेले नाही. मात्र अशी बहुसंख्य उदाहरणे एकाकी असतात. ती कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नसतात. आपल्या समाजात ओठ वा टाळू दुभंगलेले मूल जन्मले की आईने ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी विळीवर भाजी चिरली, असे दोष तिच्या माथी मारले जातात. तोंडातील गाठीच्या बाबतीतही असाच दोषारोप होण्याचा संभव असतो. ग्रहणाचा आणि पेशींच्या वाढीचा कसलाही संबंध नाही आणि आईच्या कोणत्याही कृतीमुळे या गाठी होतात असे दिसून आलेले नाही, हे शिक्षकांनी वर्गात निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे.

३. प्रमुख प्रकार

(अ) एपिग्नॅथस : 'जबड्यावरील' असा या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ आहे. टाळू, घशाचा वरचा भाग किंवा कवटीचा तळ येथून उगवणारे आणि बहुधा तोंडातून बाहेर डोकावणारे हे टेराटोमा जातीचे अर्बुद होय. गर्भाचे बाह्यस्तर, मध्यस्तर व अंतःस्तर या तिन्ही स्तरांपासून बनणारी ऊतके त्यात सापडू शकतात. म्हणजे एकाच गाठीत त्वचा, कूर्चा, हाड, चेताऊतक, आतड्याचे अस्तर असे सारे एकत्र असू शकते. त्याचे प्रमाण सुमारे ३५ हजार ते २ लाख जिवंत जन्मांमागे १ असे सांगितले जाते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु ती वेगाने वाढते, तिच्यासोबत दुभंग टाळू असू शकते आणि क्वचित ती कवटीच्या तळातून मेंदूपर्यंत पोहोचते. 'टेराटोमा' या शब्दाच्या मुळाशी राक्षस किंवा अक्राळविक्राळ प्राणी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. हे नाव ज्या काळात रूढ झाले त्या काळातील भीती त्यात उतरली आहे. आईवडिलांशी बोलताना ही व्युत्पत्ती बाजूला ठेवणेच योग्य.

(आ) जन्मजात एप्युलिस : 'हिरडीवरील' असा या शब्दाचा अर्थ. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट नॉयमान यांनी १८७१ मध्ये या गाठीचे वर्णन केले. ही गाठ गुळगुळीत, गोलसर व बहुधा देठ असलेली असते. ती हिरडीच्या पुढच्या भागातून उगवते आणि खालच्यापेक्षा वरच्या जबड्यावर अधिक वेळा आढळते. मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये तिचे प्रमाण सुमारे आठ ते दहा पट असते. सुमारे एकदशांश बालकांत एकाहून अधिक गाठी असतात. ती पूर्णतः सौम्य असते. जन्मानंतर तिची वाढ थांबते, लहान गाठ आपोआप आक्रसतेही आणि शस्त्रक्रियेने काढल्यावर ती पुन्हा उद्भवत नाही.

(इ) गाठीसारख्या दिसणाऱ्या अन्य विकृती : जिभेखालील लाळेची पुटी, लसवाहिन्यांची विकृती, रक्तवाहिन्यांची गाठ, जिभेचीच अतिवाढ आणि कवटीच्या छिद्रातून खाली उतरलेला मेंदूच्या आवरणाचा फुगा यांचा यात समावेश होतो. या शेवटच्या विकृतीस गाठ समजून हात लावणे घातक ठरू शकते. म्हणून ती प्रथम वगळावी लागते.

४. सोनोग्राफीत काय दिसते?

मानवी कान प्रतिसेकंद २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. गर्भाच्या तपासणीत पोटावरून वापरला जाणारा ध्वनी प्रतिसेकंद साधारण ३० ते ५० लाख कंपनांचा असतो. शरीराच्या मऊ ऊतकांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. १० सेंटिमीटर खोलीवरून परतणारा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून थोड्या अधिक वेळात यंत्राकडे येतो. हा वेळ मोजून यंत्र अंतर ठरविते आणि पडद्यावर बिंदू उमटविते. द्रवातून प्रतिध्वनी येत नसल्याने द्रव काळा दिसतो. हाड वा कॅल्शियमचे साठे पांढरे दिसतात व त्यांच्या मागे सावली पडते.

या साध्या नियमावर निदानाचा पाया उभा आहे. काळी, पातळ भिंतीची आणि आत रक्तप्रवाह नसलेली गाठ बहुधा पुटी असते. अनेक कप्प्यांची व मानेकडे पसरलेली गाठ लसवाहिन्यांच्या विकृतीकडे निर्देश करते. काही भाग घन, काही द्रवयुक्त आणि मध्येच कॅल्शियमचे पांढरे ठिपके, असे मिश्र चित्र टेराटोमाची शंका उत्पन्न करते. एकजिनसी, घन आणि हिरडीला देठाने जोडलेली गाठ एप्युलिस असण्याची शक्यता अधिक. डॉप्लर तंत्राने त्या देठातून जाणारा रक्तप्रवाह दिसतो. वाढलेली जीभ मात्र जिभेच्याच आकारात, तोंडाच्या तळाशी जोडलेली दिसते.

डॉप्लर तंत्राचा आणखी एक उपयोग येथे महत्त्वाचा आहे. गर्भ गर्भाशयातही छातीच्या हालचाली करतो व त्या वेळी गर्भजल नाकातोंडातून आत-बाहेर होते. हा प्रवाह डॉप्लरने पाहता येतो. गाठीच्या बाजूने पाणी वाहताना दिसले तर मार्ग पूर्णतः बंद नाही, असे अनुमान करता येते.

येथे काळाचा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. गर्भातील व्यंगे पाहण्यासाठीची मुख्य सोनोग्राफी साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान केली जाते. एपिग्नॅथस त्या वेळी, क्वचित त्याहूनही आधी, दिसू शकते. एप्युलिस मात्र बहुधा शेवटच्या तिमाहीतच लक्षात येते. पाचव्या महिन्यातील अहवाल निर्दोष असतो व आठव्या महिन्यात अचानक गाठ दिसते, तेव्हा कुटुंबाला पहिल्या डॉक्टरांची चूक झाली असे वाटते. पुष्कळदा चूक कोणाचीच नसते. त्या वेळी गाठच नसते. म्हणूनच शेवटच्या तिमाहीतील सोनोग्राफी केवळ वजन आणि पाणी पाहण्यापुरती न ठेवता तीत चेहऱ्याकडेही पुन्हा एकदा पाहिले जावे, हे इष्ट आहे.

५. गर्भजल : एक बोलकी खूण

गर्भ गर्भजल गिळत असतो. दिवस भरत आले असता तो दररोज सुमारे अर्धा लिटर वा त्याहून अधिक पाणी गिळतो. तोंड वा घसा गाठीने अडला की हे गिळणे मंदावते, पाणी साचत जाते व गर्भजलाधिक्य निर्माण होते. पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याची खोली ८ सेंटिमीटर किंवा अधिक भरणे हे त्याचे एक प्रचलित माप आहे. त्याच वेळी गर्भाच्या जठरातील पाण्याचा काळा ठिपका लहान दिसतो किंवा दिसतच नाही. पाणी वाढलेले, जठर रिकामे आणि तोंड सतत उघडे, अशा तीन खुणा एकत्र दिसल्यास तोंडाची काटेकोर तपासणी करावी लागते.

गर्भजलाधिक्य ही खूण आहे तसाच तो धोकाही आहे. ताणलेल्या गर्भाशयात अकाली कळा सुरू होऊ शकतात आणि ठरविलेली सारी तयारी एका रात्रीत निरुपयोगी होऊ शकते. म्हणून काही वेळा सुईने जादा पाणी काढावे लागते. गाठ फार मोठी व भरपूर रक्तपुरवठ्याची असल्यास गर्भाच्या हृदयावर ताण येतो. त्यामुळे हृदयाकडेही वारंवार लक्ष ठेवावे लागते.

६. एमआरआयची जोड

सोनोग्राफी हेच पहिले साधन आहे. परंतु गर्भाचे डोके आईच्या कटीच्या हाडांत उतरले असेल किंवा आई स्थूल असेल तर चित्र अस्पष्ट येते. अशा वेळी एमआरआयची जोड मिळते. त्यात क्ष-किरणे वापरली जात नाहीत. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने ऊतकांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या संकेतांपासून प्रतिमा बनते. काही सेकंदांत प्रतिमा टिपणाऱ्या जलद पद्धती आल्यामुळे हलत्या गर्भाचेही चित्र घेता येऊ लागले. गर्भावस्थेत गॅडोलिनियमयुक्त औषध टोचणे टाळले जाते.

मुखाच्या अर्बुदांत एमआरआयचे विशेष मोल आहे. गर्भाच्या घशात व श्वासनलिकेत द्रव भरलेला असतो आणि विशिष्ट पद्धतीच्या प्रतिमेत द्रव पांढरा शुभ्र दिसतो. त्यामुळे श्वासनलिका एखाद्या पांढऱ्या रेषेसारखी उठून दिसते. ती रेषा गाठीमुळे कोठे वाकली, कोठे दबली आणि कोठे तुटली हे वाचता येते. गाठ कवटीच्या तळातून मेंदूकडे गेली आहे काय, याचाही उलगडा होतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ही माहिती गाठीच्या नावापेक्षा मोलाची असते. गाठीचे अंतिम नाव जन्मानंतर सूक्ष्मदर्शकाखालीच निश्चित होते; श्वासाचा मार्ग मात्र जन्माआधीच ठाऊक असावा लागतो.

७. पहिल्या मिनिटांची तयारी

नवजात बालक मुख्यतः नाकाने श्वास घेते. त्यामुळे गाठ लहान असेल, नाकावाटे मार्ग मोकळा असेल, तर नेहमीप्रमाणे प्रसूती होऊ शकते. बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ शेजारी सज्ज असले म्हणजे पुरे. एप्युलिसच्या कित्येक बालकांना श्वासाचा नव्हे तर दूध ओढण्याचा त्रास होतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने तो दूर होतो.

गाठीने घसा व्यापला असेल तर मात्र वेगळी योजना करावी लागते. 'एक्झिट' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी पद्धती १९९० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. उदरपटलाच्या जन्मजात दोषावर उपाय म्हणून काही गर्भांची श्वासनलिका गर्भावस्थेतच मुद्दाम बंद केली जात असे. जन्मसमयी ती मोकळी करण्यासाठी ही युक्ती योजण्यात आली आणि पुढे मान व मुखाच्या गाठींना ती लागू झाली. आईला खोल भूल देऊन गर्भाशय शिथिल ठेवले जाते. सिझेरियनच्या छेदातून बालकाचे डोके व खांदे बाहेर घेतले जातात. नाळ कापली जात नाही. वार अद्याप जोडलेली असल्याने बालकाला आईकडून प्राणवायू मिळत राहतो. या अवधीत दुर्बिणीने श्वासमार्ग शोधला जातो व त्यात नळी घातली जाते. ते न साधल्यास गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडली जाते. श्वास सुरक्षित झाल्यावरच नाळ कापतात. एरवी काही मिनिटांत संपणारा वेळ अशा रीतीने साधारण तासाभरापर्यंत लांबविता येतो.

याची किंमत आईला मोजावी लागू शकते. शिथिल गर्भाशयातून अतिरक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून ही पद्धती सरसकट वापरण्याची नाही. प्रसूतितज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दोन स्वतंत्र भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ असा मोठा चमू एकाच शस्त्रक्रियागृहात लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे शक्य नाही. म्हणजेच तालुक्यातील सोनोग्राफी केंद्रात गाठीची शंका येणे आणि दिवस भरण्याआधी ती स्त्री मोठ्या रुग्णालयात पोहोचणे, या दोन घटनांमधील अंतर बालकाचे भवितव्य ठरविते. याहून पुढचे एक पाऊल २०१० साली मायामी येथे रूबेन क्विंटेरो यांच्या पथकाने टाकले. त्यांनी सुमारे १७ आठवड्यांच्या गर्भाच्या तोंडावरील टेराटोमा गर्भाशयातच दुर्बिणीच्या साहाय्याने काढला. हे उदाहरण मात्र अपवादात्मकच समजावयास हवे.

८. कायदा आणि समुपदेशन

आपल्याकडे जन्मपूर्व निदानाचा विचार कायद्याविना करता येत नाही. या तंत्रांच्या नियमनासाठी देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ साली केंद्रीय कायदा संमत झाला आणि २००३ पासून तो सुधारित नावाने व अधिक कठोर स्वरूपात लागू आहे. गर्भाचे लिंग सांगण्यास या कायद्याने मनाई केली आहे. मात्र जन्मजात व्यंगांच्या शोधासाठी या तंत्रांचा वापर त्याने मान्य केला आहे. एप्युलिस मुलींमध्ये अधिक आढळते हे वर आलेच आहे. परंतु निदानासाठी लिंग जाणण्याची गरज नसते. गाठीची जागा, देठ व पोत एवढे पुरेसे असते. आणि एप्युलिसची शंका आहे म्हणजे मुलगीच असणार, असा तर्क कुटुंबाने करू नये, याचीही काळजी समुपदेशकाने घेतली पाहिजे.

दुसरा प्रश्न गर्भपाताचा. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे करण्यात आली आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर विकृती असल्याचे निदान केल्यास ही मर्यादा लागू होत नाही. मेंदूत शिरलेल्या प्रचंड टेराटोमासारख्या प्रसंगी आईवडिलांसमोर हा पर्याय ठेवावाच लागतो आणि निर्णय त्या स्त्रीचा असतो. परंतु तोंडातून बाहेर आलेल्या गाठीचे चित्र कोणत्याही आईला हादरवून टाकणारे असते. त्या धक्क्यात, काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने बऱ्या होणाऱ्या एप्युलिसचे चित्र आणि असाध्य विकृतीचे चित्र यांत तिला फरक करता येणार नाही. तो फरक तिला समजेल अशा भाषेत सांगणे हे निदानाचेच अंग आहे. अचूक प्रतिमा आणि अपुरे स्पष्टीकरण यांतून घेतलेला निर्णय खऱ्या अर्थाने स्वतंत्र निर्णय म्हणता येत नाही.

९. समारोप

मुखातील अर्बुदांचे उदाहरण दुर्मिळ असले तरी त्यातून मिळणारा बोध व्यापक आहे. भौतिकशास्त्रातील प्रतिध्वनी, गर्भविज्ञानातील पेशींचे स्तर, शल्यशास्त्रातील कौशल्य, कायद्यातील कलमे आणि समाजातील समजुती हे सारे येथे एका बालकाच्या पहिल्या श्वासापाशी एकत्र येतात. विद्याशाखांच्या भिंती ओलांडून शिकविण्यासाठी याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही. जन्मपूर्व निदान म्हणजे केवळ दोष शोधणे, अशी जी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत व समाजात रुजली आहे, ती या उदाहरणाने दुरुस्त होऊ शकते. गर्भाशयात वार श्वास पुरवीत असते, तोवर वेळ आपल्या हाती असतो. त्या वेळात योग्य प्रश्न विचारले गेले, योग्य ठिकाणी प्रसूती ठरली आणि आईला सत्य नीट समजावून सांगितले गेले, तर पूर्वी मृत्यू ओढवू शकणारी गाठ आज अनेक बालकांच्या बाबतीत आयुष्याच्या आरंभीची एक शस्त्रक्रिया एवढीच उरते.